मदत हवी आहे: कुलूप शाबूत, ताडपत्री शाबूत, तरी पेट्या कमी!

सत्तरी_पिकअप
मंडळी, तातडीने सांगा. गाडीतला माल कमी भरतोय. कुलपं जशीच्या तशी, ताडपत्री जशीच्या तशी, आणि बेळगावात उतरवताना पेट्या कमी. कधी एक, कधी दोन. माल घेणारी पार्टी भाड्यातून पैसे कापते, वर ड्रायव्हरवर संशय. ड्रायव्हर माझा मावसभाऊ. लहानपणापासून ओळखतो, तो असलं करणारा नाही. काल सगळ्या हमालांसमोर त्याला चोर म्हणाले. घरी आला तो जेवला नाही. कुलूप कुठलं घ्यावं? परवा पुन्हा फेरी आहे.

डिचोलीकर
गाडी कुठली? मागचा हौदा उघडा की बंद? माल काय? पेटी केवढी? यातलं काही न सांगता कुलूप कुठलं घेऊ विचारताय.

चोर्ला_रोज
कुलपाने काही होत नाही हो. जीपीएस बसवा. मी बसवल्यापासून झोप लागते. इंजिन बंद करायचा स्विचही मिळतो, कुणी गाडी पळवली तर मोबाईलवरून बंद.

सत्तरी_पिकअप
गाडी कुणी पळवलेली नाही, पेट्या गेल्यात. बोलेरो पिकअप, उघडा हौदा. माल काजूगर, दहा किलोची खोकी. वाळपईहून होंडा, पर्ये, केरी करत चोर्ला घाटाने बेळगाव. जीपीएस आहे. वाटेत फक्त कणकुंबीला चहाला थांबतो, तेही गाडी समोर दिसेल असं.

पट्टाच_लावा
पडत असणार. चोर्ल्याची वळणं काय कमी आहेत? युरोपात माल बांधण्याचं मानक आहे, ईएन 12195. त्यात धरलंय की जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढे लागतो आणि वळणावर 0.5 पट बाजूला. म्हणजे हजार किलो माल असेल तर पाचशे किलोचा रेटा हौद्याच्या बाजूच्या फाळक्यावर, म्हणजे उघडणाऱ्या पाट्यावर. दोरीने काय होणार? रॅचेट पट्टे घ्या, दांड्याने आवळून ताणायचे ते. आणि केबिनच्या बाजूला खोक्यांत फट ठेवू नका. फट राहिली की पहिल्या ब्रेकला सगळी रास पुढे येते आणि मागे मोकळी होते.

दोरीवाला_काका
पट्टा खोकी दाबून फोडतो. काजूगर आहे तो, सिमेंट नव्हे. दोरीने नीट बांधलेला माल मी जन्मभर नेला, कधी हलला नाही. हल्ली कुणाला गाठ मारता येत नाही म्हणून पट्टे लागतात.

पट्टाच_लावा
काका, नायलॉनची दोरी पावसात भिजली की ताणते आणि सैल पडते. पॉलिएस्टरचा पट्टा तितका ताणत नाही. खोकी दबू नयेत म्हणून कडांना कोपरे लावायचे, पुठ्ठ्याचेही चालतात. आणि पट्टा वरून टाकताना जितका उभा खाली येईल तितका दाब जास्त. तिरपा, जमिनीशी तीस अंशात आला तर दाब निम्माच राहतो. दोरीलाही हाच हिशेब.

दोरीवाला_काका
भिजलेली दोरी केरीला उतरून पुन्हा ओढून घ्यायची. गाडी काही अंतर चालली की माल बसतो, तेव्हा दोरी असो की पट्टा, एकदा उतरून बघायलाच हवं. हे तुमच्या मानकात आहे की नाही?

पट्टाच_लावा
आहे. त्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर.

म्हापसा_बाजार
काजूगर गोव्याचाच आहे ना? हल्ली कारखान्यात आफ्रिकेतून आलेली बी फोडतात आणि वर गोव्याचा म्हणून लिहितात. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा केवढा आनंद झाला होता. आपल्या बीला मात्र दर मिळत नाही, बागायतदार एप्रिलमध्ये रडतो. यावर कुणी बोलत नाही.

डिचोलीकर
त्यावर वेगळा धागा काढा, मीही येईन. इथे एका पोराच्या अंगावर चोरीचा डाग येतोय.
पिकअपवाले भाऊ, खोकी पडली असती तर ताडपत्री फाटली असती, निदान दोरी तरी सरकली असती. तुम्ही म्हणता सगळं शाबूत. म्हणजे माल पडत नाही. माल किती वाजता भरता आणि गाडी किती वाजता निघते?

सत्तरी_पिकअप
संध्याकाळी पाचपर्यंत भरून होतं. पहाटे चारला निघतो, म्हणजे बेळगावचा बाजार उघडताना पोचतो. सगळेच असं करतात.

डिचोलीकर
मग पाच ते चार गाडी कुठे असते??

सत्तरी_पिकअप
कारखान्याच्या कंपाऊंडला लागून, रस्त्यावर. गेट सहाला बंद होतं, आत ठेवू देत नाहीत. भावाचं घर जवळच आहे. चारी कड्यांना कुलपं असतात. म्हणून तर कुलपाचं विचारतोय.

चोर्ला_रोज
अहो, हे आधी सांगायचं ना! अकरा तास भरलेली गाडी रस्त्यावर.

टायरवाला_वास्को
रात्री रस्त्यावर ठेवत असाल तर स्टेपनीला साखळी आणि डिझेलच्या टाकीला कुलपाचं झाकण घ्या. बॅटरीलाही पट्टी मारून घ्या. आमच्याकडे बॅटऱ्या फार जातात. आणि ओव्हरलोड नेऊ नका. आता दंड 20,000 रुपये आणि जादा टनामागे 2,000. फाळक्याबाहेर माल आला तर त्याचेही 20,000.

सत्तरी_पिकअप
दादा, बॅटरी आहे. स्टेपनी आहे. ओव्हरलोड नाही. पेट्या नाहीत.

विमा_आणि_मी
दोन गोष्टी लिहून ठेवा. गाडीचा विमा आहे म्हणून मालाचा विमा झाला असं नसतं. मालाला वेगळा वाहतूक विमा लागतो आणि तो बहुधा मालवाला काढतो. पार्टीला विचारा, त्यांचा आहे का. असेल तर तुमच्या भाड्याला हात का घालतात तेही विचारा. दुसरं, रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आहे. त्यात नुकसानीसाठी दावा लावायचा तर माल बुक केल्यापासून 180 दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी कापाकापीला काही अर्थ नाही. मालासोबतच्या चलनावर किती पेट्या लिहिल्यात, कुणी मोजल्या आणि सही कुणाची?

सत्तरी_पिकअप
मोजतो कारखान्याचा सुपरवायझर. सही भाऊ करतो. ताडपत्री बांधून झाली की चलन हातात येतं.

विमा_आणि_मी
म्हणजे त्याने न मोजलेल्या मालावर त्याची सही. उद्या कुठेही गेलात तरी तो कागद त्याच्याच विरुद्ध बोलणार. आधी मोजणी, मग सही, मग ताडपत्री. सुपरवायझर घाई करतो म्हणाला तरी.

दोरीवाला_काका
ताई बरोबर सांगतात. थर मोजायचे. एका थरात किती खोकी, किती थर, वरचा अर्धा थर किती. वहीत चित्र काढून ठेवायचं, आणि भरून झाल्यावर फोटो.

चोर्ला_रोज
ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, तो तरी असेल ना? 50,000 च्या वरचा माल आहे, लागतंच. संध्याकाळी काढलं म्हणून काळजी नको. दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि तो पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. जीपीएसवरून रात्री गाडी हलली नाही हेही दाखवता येईल. भावाला त्याचा उपयोग होईल.

फोंडा_फॅब्रिकेशन
आत्ताच वाचलं. मी हौदेच बांधतो. तुम्ही सगळे कुलपाकडे बघताय, मी बिजागरीकडे बघेन. बाजूचा फाळका खाली बिजागरीवर असतो. वरच्या कड्यांना कुलूप घातलंत, पण बिजागरीचा पिन नुसता सरकवलेला असतो, टोकाला एखादी वाकवलेली खिळपट्टी. छिन्नी आणि हातोडी असली की पिन बाहेर. तीन पिन काढले की फाळका खालून बाहेर ओढता येतो, हात आत जाईल एवढा. वर ताडपत्री तशीच, कुलूप तसंच. खालच्या थरातलं एखादं खोकं ओढलं की पिन परत ठोकून द्यायचा. टॉर्च घेऊन जा आणि भिंतीच्या बाजूचा फाळका बघा. सगळे पिन सारखेच गंजलेत का, तेवढं सांगा.

सत्तरी_पिकअप
आत्ता बघून आलो. भाऊही बरोबर होता.
कंपाऊंडकडे डावी बाजू असते. तिथल्या तिन्ही पिनांची मागची टोकं चकाकतायत, ठोकल्याच्या खुणा आहेत, एकाची खिळपट्टी जागेवरच नाही. उजवीकडचे पिन तांबडे, हातच लागलेला नाही. डाव्या फाळक्याच्या खालच्या कडेला आतून खोक्याचा पुठ्ठा घासलाय, चिकटपट्टीचा एक तुकडा बिजागरीत अडकलेला. भाऊ बराच वेळ तिथेच उकिडवा बसून होता. मला म्हणाला, "दादा, आता दाखव त्यांना."

फोंडा_फॅब्रिकेशन
काहीही ठोकायच्या आधी फोटो काढा. तो चिकटपट्टीचा तुकडा काढू नका, तिथेच असताना फोटो. मग पोलिसात लेखी तक्रार, पोच घेऊन. वेल्डिंग त्यानंतर. पिनाच्या दोन्ही टोकांना छोटा टाका मारा, बिजागरीला चिकटणार नाही असा, नाहीतर फाळका उघडणार नाही. दोन्ही बाजू करा, चोराला उजवी बाजूही माहीत होईल. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा.

डिचोलीकर
आणि गाडी भिंतीला चिकटवून लावत असाल तर फाळका उघडणार नाही इतकी चिकटवा. नाहीतर उलटी करा, दोन्ही बाजू रस्त्यावरून दिसतील अशी. अर्धवट फट ही चोराची खोली.

पट्टाच_लावा
पट्ट्याने खोकी आवळून बांधली तर खालून एक ओढणं कठीण जातं, हे मी अजूनही म्हणतो.

दोरीवाला_काका
दोरीनेही जातं.

विमा_आणि_मी
ताडपत्रीच्या दोरीच्या टोकाला नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील घाला, फाळक्याच्या कड्यांनाही. सीलचे नंबर चलनावर लिहून दोन्हीकडून सही घ्या. बेळगावात उतरवायच्या आधी नंबर पार्टीलाच वाचायला लावा. सील चोर थांबवत नाही, पण गाडी कुणी उघडली आणि कुठे, हे ठरतं.

सत्तरी_पिकअप
टाके मारून घेतले, दोन्ही बाजू. तक्रार दिली, पोच आहे. सुपरवायझर कुरकुरला, पण भावाने थर मोजूनच सही केली. कारखान्याचे पात्रांव, म्हणजे मालक, म्हणाले, पुढच्या वेळेपासून गाडी आत लावा, गेट मी बघतो. ही फेरी बरोबर उतरली, एकही पेटी कमी नाही. आधीच्या पेट्या कुणी नेल्या ते कळलेलं नाही.
पार्टीला फोटो पाठवले. "ठीक आहे, कापलेले पैसे पुढच्या बिलात बघू" एवढंच उत्तर आलं. मी कळवलंय की पैशांचं नंतर बघू. हमालांसमोर जे म्हणालात ते हमालांसमोरच मागे घ्या. तोवर भाऊ त्या दुकानात जाणार नाही. बेळगावला गाडी मी नेतो.