शब्दचर्चा: विषाणू गुणसूत्रे 'बिघडवतो' म्हणावे का?

वनस्पतींच्या विषाणूजन्य रोगांवरचा एक मराठी मसुदा तपासतेय. त्यात वाक्य आहे: 'विषाणू पेशीत शिरून गुणसूत्रे बिघडवतो.' 'बिघडवतो' खटकतंय. दुसरं क्रियापद सुचवा. आणि गुणसूत्र की रंगसूत्र?

▪ रंगसूत्रातला 'रंग' मूळ ग्रीक शब्दाला धरून आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायरने १८८८ मध्ये नाव दिलं तेव्हा रंग चटकन शोषणाऱ्या काड्या एवढीच ओळख होती. पण पाठ्यपुस्तकांत गुणसूत्र रुळलंय, तेच ठेवा.

▪ आधी विषाणू कोणता ते सांगा. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा जनुकसंच आरएनएचा. त्याच्या प्रती केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात निघतात. गुणसूत्रांना तो हातही लावत नाही, मग बिघडवणार काय?

▪ हात न लावताही परिणाम होतो की! याच विषाणूची लागण झालेल्या तंबाखूत, जिथे विषाणू पोचलाच नव्हता त्या पानांतही डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल वाढल्याचं २००३ मध्ये दाखवलं गेलं. बार्लीचा पट्टेरी मोझॅकही आरएनएवालाच. बार्लीत एरवी १४ गुणसूत्रे. रोगट झाडांच्या संततीत २१ वाली त्रिगुणित रोपं आणि एखादं गुणसूत्र कमी-जास्त असलेली रोपं नेहमीपेक्षा जास्त निघाली. इथे 'गुणसूत्रांची संख्या बदलते' असं सरळ लिहावं.

▪ जेमिनी विषाणूंची तऱ्हा आणखी निराळी. यांचा डीएनए एकपदरी, आणि तो केंद्रकातच वाढतो. स्वतःचं डीएनए पॉलिमरेज (डीएनए बनवणारं विकर) नसल्याने वाढ थांबलेल्या पेशीला ते पुन्हा डीएनए बनवायला जुंपतात. टोमॅटोच्या सोनेरी मोझॅकची लागण झालेल्या जून पानांत काही पेशींची गुणसूत्रे विभाजनाच्या सुरुवातीला दिसावीत तशी आखडलेली आढळली. याला 'आखडतात' किंवा 'घट्ट होतात' म्हणा. आखडणं हा काही बिघाड नव्हे, निरोगी पेशीही विभागताना तेच करते. इथे वेळ चुकीची आहे एवढंच.

▪ 'सामावणे' विसरू नका. केळीच्या बाल्बिसियाना जातीच्या गुणसूत्रांत स्ट्रीक विषाणूचा डीएनए कायमचा बसलेला असतो. ऊतिसंवर्धनासारख्या (टिश्यू कल्चर) ताणात तो जागा होतो आणि धडधाकट रोपावर रोगाच्या रेघा उमटतात. बाहेरून काही आलेलंच नसतं, त्यामुळे इथे 'शिरून' तर चुकीचंच, 'लागण'ही जपून वापरावं.

▪ मूळ प्रश्नकर्तीकडून: मसुदा जेमिनी विषाणूंबद्दलच आहे. मग असं चालेल? 'विषाणू केंद्रकात पोचून पेशीला पुन्हा डीएनए बनवायला लावतो. काही पेशींत गुणसूत्रे अवेळी आखडतात.'

▪ चालेल. फक्त 'पेशीला' ऐवजी 'वाढ थांबलेल्या पेशीला' करा, नाहीतर 'पुन्हा' कशाला ते कळत नाही.