लायपोसोम बाजारात आहेत की!

‘लायपोसोम, म्हणजे औषध भरायच्या या मेदाच्या सूक्ष्म पिशव्या, अजून प्रयोगशाळेतच आहेत ना?’ असं कुणीतरी विचारलंय. नाही हो. अमेरिकेत 2018 मध्येच लायपोसोममधल्या अमिकासिन या प्रतिजैविकाला मंजुरी मिळाली, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ‘मॅक’ (क्षयाच्या जंतूच्या नात्यातले जंतू) या फुप्फुसाच्या संसर्गासाठी. खरी गंमत अशी: हे जंतू आपल्याच भक्षक पेशींत दडून बसतात आणि साधं अमिकासिन पेशीत सहजी शिरत नाही. सुईने जास्त दिवस द्यावं तर कान आणि मूत्रपिंड धोक्यात. नेब्युलायझरने ओढलेल्या पिशव्या मात्र त्या पेशी स्वतःच गिळतात, औषध थेट चोराच्या घरात! आवाज बसणं, खोकला हे त्रास आहेतच. (2021 मध्ये म्युकरमायकोसिससाठी ज्या इंजेक्शनच्या मागे सगळे धावत होते, तेही लायपोसोमलच, फक्त बुरशीवरचं.) पण जंतू मुळात अमिकासिनलाच पुरता निर्ढावला असेल, तर पिशवी काय करणार?