गडावरचं कंदीलपुष्प आणि आपली बाग

बी-३०२: काल हरिश्चंद्रगडावर गवतात हे फूल दिसलं. (फोटो) कंदीलपुष्प म्हणतात ना? खाली कंद असतो असं ऐकलंय. पुढच्या वेळी दोन-चार आणू का बागेसाठी?

ए-१०४: सुंदर! आणा की.

सी-५०१: कृपा करून आणू नका, ताई. हे सेरोपेजिया, आपल्याकडे खर्पुडीही म्हणतात. या गटातले बरेचसे वेल असतात, हमण बघा, आधाराला वळत जाते. तुमच्या फोटोतलं गवतात स्वतःच्या बळावर ताठ उभंय. गडावर तशीच वाढणारी सेरोपेजिया लॉई आहे, सह्याद्रीबाहेर ती कुठेच नाही.

बी-३०२: म्हणजे एवढं दुर्मिळ? पण पावसाळा संपला की वाळूनच जातं ना, काका?

सी-५०१: वरचा भाग वाळतो. कंद खडकावरच्या पातळ मातीत जिवंत राहतो आणि पाऊस पडला की त्यातूनच नवीन दांडा येतो. म्हणून कंद उपटला की कायमचंच गेलं.

ए-१०४: बी पडून नवीन उगवत असतील की.

सी-५०१: उगवतात, पण बी धरणं फार अवघड. पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या दिसतायत ना? वासाने बारीक माश्या त्या फटींतून नळीत उतरतात. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे परत वर येता येत नाही. फुगीर तळाशी माशी अडकून पडते. केस सुकले की सुटते, तोंडाला परागपुंज चिकटवून. तीच माशी पुन्हा दुसऱ्या फुलात शिरली तर शेंग! बहुतेक फुलं तशीच गळतात. शेंगा धरल्या तर जोडीने, आणि बियांना रेशमी झुपका, रुईच्या म्हातारीसारखा. कूळ एकच आहे. मला तर या फुलाइतकं नवल दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

बी-३०२: बापरे. कंद खातातही म्हणे?

सी-५०१: हो, गुराखी खातात, रानडुकरंही उकरतात. त्यात आपली भर नको. शिवाय गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथून परवानगीशिवाय झाड काढणं वन्यजीव कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

बी-३०२: नाही आणत. 🙏 जागेचं लोकेशनही फोटोबरोबर टाकत नाही.

सी-५०१: फार बरं केलंत.

ए-१०४: मग बागेत काय लावायचं?

सी-५०१: मागच्या कुंपणाशी रुई लावू. बिबळ्या कडवा फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. फक्त चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब.