मदत हवी आहे: कोरियात जरा वेगळ्या जागी खायचंय

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन सोल आणि चॉन्जूला जातोय. मॉलमधली हॉटेलं नकोत. सोलच्या ग्वांगजांग बाजारात बाकड्यावर बसून बिंदेत्तोक खायचंच आहे: भिजवलेली मूगडाळ दगडी जात्यावर वाटून, भरपूर तेलात खरपूस भाजलेलं जाड धिरडं. चॉन्जूची खरी ओढ मात्र गामेकची. साधं किराणा दुकान, तिथेच टेबलं मांडलेली आणि बिअरसोबत भाजलेला सुका मासा. बाबा जाम खूश होतील!

पण आई कट्टर शाकाहारी, माशाचा रस्साही चालत नाही. त्या धिरड्यातही बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. बिनमांसाचं करून देतात का? चॉन्जूत माकगल्लीची (तांदळाच्या कोरियन दारूची) किटली मागवली की ताटल्यांवर ताटल्या येतात, त्यात आईच्या पोटाला काही लागेल का? आणि रस्त्यावरच्या 'पोजांगमाचा' नावाच्या खाण्यापिण्याच्या तंबूत वयस्कर माणसांना नीट बसता येतं का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.