आईचा जबडा दुखतोय, देवरुख/रत्नागिरीत चांगला डेंटिस्ट सुचवा (तातडीने)

पाखाडीकर | सोमवार, रात्री 9.40
आई गावी असते, देवरुखपासून बरंच आत. मी चिंचवडला. दोन-तीन आठवडे झाले, तिचा डावा जबडा दुखतोय. तिथल्या डेंटिस्टने एक्स-रे काढला, म्हणाला दात चांगले आहेत, आणि पेनकिलर देऊन पाठवलं. फरक शून्य. त्याला काही कळलेलं नाही असं माझं स्पष्ट मत. दाढ काढायची तर काढून टाकू, पण एकदाच काय ते होऊ दे. गणपतीला मी घरी जातोय, अजून दहा दिवस आहेत, तेव्हाच उरकायचंय. फक्त नाव आणि अंदाजे खर्च सांगा. लवंग तेल, मिठाच्या गुळण्या सगळं करून झालंय, कृपया पुन्हा सुचवू नये.

रेवदंडा४२ | 9.48
लवंग तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेत धरायला सांगा. आमच्याकडे हमखास गुण येतो.

मीनल_ठाणे | 9.55
रेवदंडा, शेवटची ओळ वाचा हो :)
पाखाडीकर, चावताना दुखतं का? थंड-गरम लागतं का? वय किती?

पाखाडीकर | 10.02
61. चावताना नाही, थंड-गरम नाही. दुखतं तेव्हा दुखतं. नाव सुचवाल का कुणी?

निवांत_काका | 10.10
घाईने दाढ काढू नका असा अनुभवाचा सल्ला. मी 2011 साली काढली, मग शेजारचा दात कलला, मग ब्रिज, मग ब्रिजखालचा दात किडला. शेवटी इम्प्लांट. तेवढ्या पैशात दुचाकी आली असती. रूट कॅनल करा, कॅप चांगली घ्या.

नाडीपरीक्षक | 10.21
(मी एमडी मेडिसिन आहे. इथून कुणाला तपासता येत नाही, तरी विचारतो.) दुखायला लागतं तेव्हा आई नेमकं काय करत असतात? किती वेळ दुखतं? कशाने थांबतं? शुगर, बीपी?

पाखाडीकर | 10.44
आईला फोन केला. विशेष काही नाही. खालच्या दुकानातून सामान घेऊन पाखाडी (दगडी पायऱ्यांची चढण) चढून येते तेव्हा, किंवा विहिरीवरून कळशी आणताना. मधल्या गडग्यावर पाच मिनिटं टेकली की जातं. म्हणून तर ती म्हणते, दात आपोआप बरा होतो, डॉक्टर कशाला. शुगर थोडी आहे. याचा दाताशी काय संबंध?

मीनल_ठाणे | 10.47
बापरे. पाखाडीकर, हा दात नाही.

नाडीपरीक्षक | 10.58
दाढेला पाखाडी कळत नाही. चढताना दुखणं आणि थांबलं की जाणं, हे हृदयाच्या रक्तवाहिनीचं दुखणं असू शकतं, अंजायना म्हणतात त्याला. वाहिनी आतून अरुंद झाली की बसल्या जागी रक्त पुरतं. चढ आला, ओझं आलं, भरल्या पोटी चाललं की हृदयाला जास्त लागतं आणि तिथे कमी पडतं. थांबलं की मागणी उतरते, दुखणं जातं. हृदयाकडून आणि जबडा, खांदा, हात इथून येणाऱ्या संवेदना मेंदूकडे जाताना वाटेत एकत्र होतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. कुणाला जबड्यात, कुणाला डाव्या हातात, कुणाला दोन खवाट्यांच्या मधे, कुणाला पोटाच्या वरच्या भागात जळजळल्यासारखं. छातीवर हात दाबून कोसळतात ते सिनेमात. बायकांत नुसता दम, थकवा, मळमळ एवढंच असणं जास्त दिसतं. जुन्या मधुमेहात नसांची जाणीवच बोथट झालेली असते, कधी कधी छातीत दुखतच नाही.
"शुगर थोडी" म्हणजे किती वर्षं?

पाखाडीकर | 11.05
बारा वर्षं. गोळी घेते नेमाने (बहुतेक). पण हृदयाचं नाही, खात्रीने सांगतो. मागच्याच महिन्यात गावच्या शिबिरात ईसीजी काढला होता, एकदम नॉर्मल. मला नाव हवं होतं, धागा भलतीकडे चाललाय.

कट्टेकरी | 11.09
धागा योग्य ठिकाणीच चाललाय साहेब. माझे वडील नॉर्मल ईसीजीचा कागद खिशात घेऊन आयसीयूत गेले होते.

नाडीपरीक्षक | 11.14
ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांचा फोटो. निजवून काढलेला, दुखत नसताना काढलेला. अंजायनाच्या पुष्कळ रुग्णांचा तो नॉर्मलच येतो.

वनौषधी_प्रेमी | 11.20
अर्जुनसालीचा काढा दुधातून सकाळ-संध्याकाळ. सोबत लसणाच्या दोन पाकळ्या. माझ्या आत्याचे ब्लॉकेज तीन महिन्यांत निघून गेले. अँजिओग्राफीच्या (हृदयाच्या वाहिन्यांचा फोटो) नादी लागू नका, तिथे गेलात की स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकल्याशिवाय सोडत नाहीत.

कट्टेकरी | 11.24
आत्याचे ब्लॉकेज होते हे कसं कळलं? आणि गेले हे कसं कळलं? दोन्ही वेळा अँजिओग्राफी केली का?

वनौषधी_प्रेमी | 11.27
त्यांना आता बरं वाटतं. एवढं पुरे.

निवांत_काका | 11.31
स्टेंटच्या नावाने लूट होती हे मात्र खरं. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने किमतीवर कमाल मर्यादा घातली, औषधी लेप असलेला स्टेंट 29,600 रुपयांवर आला. त्याआधी त्याच वस्तूचे लाखभर सांगायचे.

कट्टेकरी | 11.33
काका, आता स्टेंट नको, आईला तपासणी हवी आहे. ट्रेडमिल टेस्ट करा, पाखाडीकर. पट्ट्यावर चालवतात, ईसीजी चालूच असतो. चढाचं दुखणं तिथे पकडलं जातं. गणपतीत रत्नागिरीला नेऊन करून घ्या, फार खर्च नाही.

सोनचाफा | 11.36
अवांतर: माझ्या सासूबाईंच्या पायावर संध्याकाळी सूज येते, बोट दाबलं की खळगा राहतो. हेही हृदयाचं का? बीपीची गोळी चालू आहे.

पाखाडीकर | 11.52
बरं, एक राहिलं. आईला परत विचारलं तेव्हा बोलली. परवा पहाटे झोपेतून उठली, जबडा आणि डावा खांदा, घाम, मळमळ. पित्त समजून आल्याचा रस घेतला. अर्ध्या तासाने कमी झालं. आज दुपारी भांडी घासताना परत, बसल्या बसल्या. मला सांगितलं नाही कारण मी काळजी करीन म्हणून. आता बरी आहे, झोपली आहे. ट्रेडमिलची अपॉइंटमेंट कधीची घेऊ?

नाडीपरीक्षक | 11.56
ट्रेडमिल नाही. कट्टेकरी, तुमचा सल्ला आधी सांगितलेल्या दुखण्याला ठीक होता. ठराविक चढालाच दुखणारं वेगळं. नवीन सुरू झालेलं, वाढत चाललेलं, आणि आता विश्रांतीतही येणारं, हे अस्थिर अंजायना. हार्ट अटॅकच्या उंबरठ्यावरचं, कदाचित परवा छोटा येऊनही गेला असेल. अशा माणसाला पट्ट्यावर पळवायचं नसतं.
पाखाडीकर, गणपती नाही, उद्या सकाळ नाही, आत्ता. 108 ला फोन करा, पुण्याहून न लागल्यास शेजाऱ्यांना करायला सांगा. हॉस्पिटलात ईसीजी परत काढतील आणि ट्रोपोनिन म्हणून रक्ताची तपासणी करतील. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात चढतं, पण काही तास घेतं. पहिलं नॉर्मल आलं म्हणून घरी आणू नका, दुसरं करतात. आईला पाखाडी उतरू देऊ नका. खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणा.

रेवदंडा४२ | 11.58
जिभेखाली सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावरची गोळी) ठेवा लगेच. आणि जोरजोरात खोकायला सांगा, खोकल्याने हृदय चालू राहतं, व्हॉट्सॲपवर डॉक्टरांनीच पाठवलं होतं.

नाडीपरीक्षक | मंगळवार, 12.03
खोकण्याचा काही उपयोग नाही, तो मेसेज वीस वर्षं फिरतोय. सॉर्बिट्रेट शेजाऱ्याच्या डब्यातून काढून देऊ नये, बीपी धाडकन खाली येऊन माणूस कोसळतो. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. घरात आहे का? ॲलर्जी, अल्सरमधून रक्तस्राव, असं काही आहे? नसेल तर 300 ते 325 मिलिग्रॅम, चावून. इकोस्प्रिन 75 असेल तर चार गोळ्या, चावून, गिळून नाही.

पाखाडीकर | 12.09
शेजारच्या अण्णांकडे इकोस्प्रिन 75 आहे. आईला कसली ॲलर्जी नाही. अण्णा चाललेत वर. आई म्हणते रात्री लोकांना कशाला उठवता.

मीनल_ठाणे | 12.10
अण्णांना सांगा आईशी वाद घालू नका, फक्त खुर्ची आणा.
रेशनकार्ड, आधार सोबत द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (अरुंद वाहिनी आतून उघडणं) बसते, ते हॉस्पिटल योजनेत आहे का एवढं विचारा. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत.

वनौषधी_प्रेमी | 12.15
भीती घालून माणूस आजारी पडतो. माझं मत नोंदवून ठेवतो.

कट्टेकरी | 12.16
नोंदवलं. आता झोपा.

पाखाडीकर | 12.40
गाडीत बसवली. अण्णा सोबत. मी निघतोय, आंबा घाटात रेंज नसेल.

नाडीपरीक्षक | सकाळी 7.15
सोनचाफा, रात्री राहून गेलं. बीपीची गोळी अम्लोडिपिन असेल तर तिनेच घोटे सुजतात, हे फार सामान्य आहे. पण सोबत दम लागतो का, रात्री आडवं झाल्यावर गुदमरून उठून बसतात का, दोन उशा लागतात का, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं का, हे बघा. यातलं काही असेल तर हृदयाची पंपशक्ती कमी पडत असू शकते, 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. गोळी परस्पर बंद करू नका.

सोनचाफा | 7.50
अम्लोडिपिनच आहे! दम नाही. दाखवतो तरी. आणि माझी स्वतःची छाती अधूनमधून धडधडते, पण ती मुलाच्या दहावीमुळे असावी.

नाडीपरीक्षक | 8.05
धडधड सुरू असताना मनगटाची नाडी मोजा. नुसती जलद पण नियमित, की ठोके वाटेल तसे पडतात? अनियमित असेल तर ईसीजी काढा, दहावी संपायची वाट न बघता. त्या प्रकारात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

निवांत_काका | 9.30
दहावीवरून आठवलं, आमच्या वेळी अकरावी मॅट्रिक होती...

पाखाडीकर | बुधवार, संध्याकाळी 6.20
सगळ्यांना, उशिरा लिहितोय. दुसरं ट्रोपोनिन वाढलेलं आलं. रात्रीतून कोल्हापूरला हलवलं. अँजिओग्राफीत पुढची मुख्य वाहिनी 90 टक्के बंद, मनगटातून एक स्टेंट घातला. आई बोलतेय, चहात साखर का नाही म्हणून भांडतेय. जबडा दुखायचा थांबलाय. अण्णांनी चार गोळ्या दिल्या होत्या ते डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतलं. मी सोमवारी तिरसटपणे लिहिलं, ते मनावर घेऊ नका.

नाडीपरीक्षक | 6.41
छान. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लिहिल्या असतील. साधारण वर्षभर चालतात, एकही दिवस चुकवू नका, कुणी दात काढायचा म्हणून बंद करा म्हटलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मधेच थांबवल्या की स्टेंटमध्ये गुठळी होते. आणि पाण्याच्या कळशा आता दुसऱ्या कुणीतरी आणायच्या.

मीनल_ठाणे | 6.50
अण्णांना आमच्याकडून उकडीचे मोदक.

गुहागरचा_बंड्या | गुरुवार, सकाळी 10.12
वरचं सगळं वाचलं नाही. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एक डेंटिस्ट आहेत, हात फार हलका. नंबर हवा तर विपु (माझ्या विचारपुशीत निरोप) करा.