मदत हवी आहे : बर्फाळ हिवाळा, साठीपुढचं जोडपं आणि रोजचं चालणं

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या मध्यावर आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत मिनियापोलिसला जातोय, ते थेट मार्चअखेरपर्यंत. आजवर गेलो ते उन्हाळ्यातच. मी 66, हे 71. यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि माझा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. बाकी तब्येती ठणठणीत. सकाळी उजाडता उजाडता पुण्यातल्या तळजाई टेकडीवर असणारी माणसं आम्ही.

आमची थंडी म्हणजे शिवाजीनगरचा पारा आठ-नऊवर उतरला की पेपरात बातमी येते ती. तिथे जानेवारीतल्या रात्री उणे 13-14 अंश ही सरासरी! मागच्या वर्षी लेकीने व्हिडिओ कॉल चालू असतानाच ओला पंचा बाहेर कठड्यावर टाकला. बोलणं संपायच्या आत तो पापडासारखा ताठ. नातू तो हातात धरून नाचत होता.

जो तो सांगतो, "घरात हीटिंग असतं, बसा निवांत." तेच मला नकोय. सगळा हिवाळा काचेआडून बघून परत यायचं नाही. नातवाबरोबर बर्फात खेळायचंय आणि मुख्य म्हणजे आमचं चालणं सुटू द्यायचं नाही. पडायची भीती मात्र खरंच वाटते. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते सोसायटीत जवळून पाहिलंय. गरम कपडे इथून घ्यावेत की तिथे? पायात काय घालावं? फार थंडी असेल तेव्हा चालायला कुठे जावं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, जरूर या. आम्ही दोघं मूळचे सदाशिव पेठेतले, निवृत्तीनंतर मुलाजवळ मिनियापोलिसशेजारच्या सेंट पॉलला राहतो.

थर्मल पुण्यातून आणा. जॅकेट आणि बूट इथेच, पायात घालून बघून घ्या. अंगालगत सुती नको, ते घाम धरून ठेवतं आणि मग हुडहुडी भरते. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा मिटन (चार बोटं एकाच खोळीत राहतात ते) जास्त ऊब देतात.

ताज्या भुसभुशीत बर्फाची एवढी भीती नाही. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठतो तो ब्लॅक आइस घात करतो, कारण तो दिसतच नाही, फरशी नुसती ओली वाटते. बुटांवर चढवायचे क्लीट्स (तळाला खिळे असलेले पट्टे) घ्या, पावलं छोटी टाका, हात खिशाबाहेर ठेवा. दुकानात शिरताना क्लीट्स काढायचे, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात.

कडाक्याच्या दिवशी डाउनटाउनचे स्कायवे आहेत : इमारती वरच्या मजल्यावर जोडणारे बंदिस्त पूल, सगळे मिळून 15 किलोमीटरच्या आसपास. नाहीतर मॉल ऑफ अमेरिका, तिथे सकाळी आमच्या वयाची कितीतरी माणसं फेऱ्या मारताना दिसतात. माझी लाडकी जागा मात्र कोमो पार्कचं काचघर. बाहेर सगळं पांढरं आणि आत ताड, नेचे, ओलसर उबदार हवा! चष्म्यावर धुकं धरतं, दोन मिनिटं काही दिसत नाही. प्रवेश मोफत आहे, देणगी ऐच्छिक.

डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून बाहेरचं चालणं दुपारी बाराच्या सुमारास उरका. आणि यजमानांना बर्फाचं फावडं अजिबात धरू देऊ नका. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात ते ओझं, बीपीवाल्यांना ते झेपत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी घ्या. प्रवासी विम्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, तेही वाचून घ्या.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार! क्लीट्स आजच लेकीला मागवायला सांगते. एकच शंका : गुडघ्यासाठी काठी आणली तर बर्फावर तिचा उपयोग होतो का, की तिच्या टोकालाही काही बसवावं लागतं?

प्रतिसाद

लागतं. काठीच्या टोकाला बसवायचा खिळेदार जोड इथे मिळतो, घरात शिरताना तो वर दुमडता येतो. काठी जरूर आणा.