गॅब्रिएलच्या काळातील जेनेसिस : आपण नेमके काय परत मागत असतो?

प्रश्न : सासष्टीचा श्रोता (मडगाव)

सर्वांना नमस्कार. जेनेसिस या इंग्लिश बँडच्या ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या 1974 सालच्या दुहेरी अल्बमची पन्नाशीनिमित्त काढलेली संग्रहपेटी 2025 मध्ये बाजारात आली आणि आमच्या मडगावच्या मित्रमंडळात निवलेला एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूचे म्हणणे असे की, मुख्य गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडल्याचे ऑगस्ट 1975 मध्ये जाहीर झाले, तेव्हाच हा बँड संपला. पुढे त्याच नावाखाली जे झाले ते वेगळेच प्रकरण होते. दुसऱ्या बाजूच्या मते हे निव्वळ वयाचे रडगाणे आहे. पंचविशीच्या आत जे ऐकले ते प्रत्येकालाच अमर वाटते.

माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, परंतु एक शंका मला सोडत नाही. आमच्याकडे हे संगीत आले ते तारवटी (जहाजांवर नोकरी करणाऱ्या) शेजाऱ्यांनी परदेशात तबकडीवरून भरून आणलेल्या कॅसेटींतून. ‘लॅम्ब’ सुमारे 94 मिनिटांचा आणि कॅसेट 90 मिनिटांची, त्यामुळे कॅसेटच्या दोन्ही बाजूंना अखेरचे गाणे तुटायचे. गीतांचा कागद नाही, मुखपृष्ठ नाही, रेल नावाच्या त्या न्यूयॉर्कमधील पोर्तोरिकन तरुणाची कथाही कोणी सांगितलेली नाही. पुढे सीडीवर ते शेवट पूर्ण ऐकले तेव्हा ते मला परके वाटले. मग आम्ही ज्याची आठवण काढतो ते त्या बँडचे किती आणि त्या कॅसेटचे किती? आमच्यापैकी कोणीही हा बँड प्रत्यक्ष पाहिलेला नाही. जे पाहिलेच नाही, त्याची ओढ इतकी वर्षे टिकते ती कशाच्या जोरावर? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : नऊ मात्रा (फोंडा)

आपला प्रश्न आठवणींचा आहे, तरी मी उत्तर संगीताकडून देतो, कारण ओढीचे कारण पुष्कळ अंशी तिथेच सापडते असे मला वाटते. मी तबला शिकलेला माणूस आहे आणि रॉक संगीत माझ्याकडे उशिरा आले, म्हणून पंचविशीचा आरोप माझ्यावर लागू होत नाही.

1972 च्या ‘फॉक्सट्रॉट’ या अल्बमची दुसरी बाजू घ्या. तिच्या आरंभी बँडचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याची एकट्या गिटारवरची दीड-दोन मिनिटांची ‘होरायझन्स’ ही रचना आहे, जिच्या मुळाशी बाखच्या चेलोसाठीच्या पहिल्या स्वीटचा (रचनामालेचा) प्रेल्यूड, म्हणजे आरंभीचा भाग, आहे. त्यानंतर सुमारे 23 मिनिटांचे, सात भागांचे ‘सपर्स रेडी’ सुरू होते. त्यातील सहाव्या भागाच्या नावातच नऊ-अष्टमांश हे मान आहे. माइक रदरफोर्डचा बेस आणि फिल कॉलिन्सचा ड्रम तीन-दोन-चार असे नऊचे आवर्तन जराही न हलवता धरून ठेवतात आणि टोनी बँक्सचा ऑर्गन त्यावरून असा फिरतो की, त्याला त्या आवर्तनाचे बंधनच नसावे. आपला मत्त ताल नऊ मात्रांचाच आहे. तो ऐकलेल्या कानाला इथे समेची वाट पाहण्याची सवय लगेच जागी होते, पण सम हाती लागत नाही. ताण वाढत जातो, आणि गॅब्रिएलचा आवाज परत येतो तेव्हा कुठे श्वास सुटतो. पुढे पहिल्या भागातील चाल मोठ्या रूपात परतते. ही परत येण्याची जागा वीस मिनिटे थांबल्याशिवाय मिळत नाही. चार मिनिटांच्या गाण्यात, ते कितीही चांगले असले तरी, हे करण्यास जागाच नसते.

‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (1973) मधील ‘फर्थ ऑफ फिफ्थ’चेही तसेच आहे. गॅब्रिएलच्या बासरीवर एक साधी, उदास चाल येते. बऱ्याच वेळाने हॅकेट तीच चाल गिटारवर लांब, ताणलेल्या स्वरांत मांडतो. ज्याने बासरी लक्ष देऊन ऐकली नाही, त्याला ती गिटार केवळ गोड वाटेल. ज्याने ऐकली, त्याला ती ओळखीची वाटेल. तेव्हा माझ्या मते आपण जिला आठवण म्हणतो तिचा मोठा भाग या रचनांच्या आतच बांधलेला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही त्या रचना त्यांच्याच आरंभाची आठवण करून देतात. आपली कॅसेट तुटकी होती हे खरे, पण हे सारे तिच्यातही होतेच.

उत्तर 2 : बार्देशी (म्हापसा)

फोंड्याच्या सद्गृहस्थांचे विवेचन मला मान्य आहे आणि नेमके त्याच कारणासाठी 1975 ही रेघ मला मान्य नाही.

नऊ मात्रांचे ते आवर्तन कोण धरून होते? रदरफोर्ड आणि कॉलिन्स. वर ऑर्गन कोणाचा होता? बँक्सचा. हे तिघे गॅब्रिएल गेल्यावरही तिथेच होते आणि हॅकेटही 1977 पर्यंत होता. ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ (1976) ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, ‘लॅम्ब’ मात्र दहाव्यावर थांबला होता. म्हणजे त्या वेळच्या इंग्लिश श्रोत्यांना तरी बँड संपला असे वाटले नव्हते. गॅब्रिएलनंतर गायक झालेल्या कॉलिन्सचा आवाजही नवा नव्हता; ‘नर्सरी क्राइम’ (1971) मध्ये एक छोटे गाणे त्याने गायलेले आहे आणि ‘सेलिंग इंग्लंड’मध्ये आणखी एक. वेगळेपण जर कुठे खरोखर सुरू होत असेल, तर ते हॅकेट गेल्यानंतर, 1978 पासून, आणि तेही हळूहळू.

या विषयावर बोलणारे एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. 1986 चा ‘इनव्हिजिबल टच’ हा अल्बम जगभर खपला, त्याचे शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्या पैशामुळे व प्रसिद्धीमुळेच जुने अल्बम दुकानांत टिकून राहिले. आमच्या वयाच्या पुष्कळांनी आधी तो अल्बम ऐकला आणि तिथून मागे जात ‘फॉक्सट्रॉट’ गाठला. ज्या काळाला आम्ही नावे ठेवतो, त्याच काळाने आम्हांला जुन्या काळाच्या दारापर्यंत आणून सोडले. मला स्वतःला 1980 चा ‘ड्यूक’ अतिशय प्रिय आहे; हे मडगावात उघडपणे बोलण्याची सोय नाही हे जाणून आहे.

उत्तर 3 : मांडवीकाठ (पणजी)

आपण पाहिलेच नाही त्याची ओढ का, हा प्रश्नाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावरच लिहिते.

आमचे काही नातेवाईक लिस्बनला स्थायिक आहेत, त्यामुळे हा विषय आमच्या घरात थोडा वेगळ्या वाटेने आला. जेनेसिसने मार्च 1975 मध्ये लिस्बनजवळच्या कश्काइश येथे ‘लॅम्ब’चे सलग दोन प्रयोग केले. पोर्तुगालमधील हुकूमशाही 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीत कोसळून तेव्हा वर्षही झाले नव्हते. जो देश दशकानुदशके बंदिस्त होता, तिथे हा बँड मुखवटे आणि पारदर्शिका (स्लाइड) घेऊन येतो, याचा अर्थ तिथल्या तरुणांना जो लागला असेल तो लंडनच्या श्रोत्याला लागणे शक्य नाही. तिथे तो प्रयोग आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. जे त्या दोन रात्री सभागृहात नव्हते, तेही सांगतात. असे होणे स्वाभाविक आहे, कारण त्या दौऱ्यात 100 हून अधिक प्रयोग झाले, मागे तीन पडद्यांवर 1,000 हून अधिक पारदर्शिका दाखवल्या जात, आणि तरीही एकाही प्रयोगाचे संपूर्ण चित्रीकरण उपलब्ध नाही. ज्याचा पुरावा अपुरा असतो, तो प्रयोग ज्याचा त्याला मनात पुरा करावा लागतो. आपल्या तुटलेल्या कॅसेटचेही हेच झाले असावे.

ही पोकळी भरण्यासाठीच मॉन्ट्रियलचा ‘द म्युझिकल बॉक्स’ हा बँड उभा राहिला. मूळ कलावंतांच्या परवानगीने, मूळ पारदर्शिका, वेषभूषा आणि त्या काळची वाद्ये वापरून तो त्या प्रयोगांची जशीच्या तशी पुनर्निर्मिती करतो. हॅकेट आणि कॉलिन्स या दोघांनीही त्याच्याबरोबर एकेकदा वाजवले आहे. काही जण याला नक्कल म्हणून हिणवतात. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात एखादा तरुण मास्टर दीनानाथांचे पद घेतो, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यांना मूळ ध्वनिमुद्रिकेतील तान न् तान पाठ असते; ते मान हलवतात, नाक मुरडतात आणि शेवटी ‘वन्स मोअर’ही देतात. त्या गायकाला नक्कल्या म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. संगीत नाटक आपल्याकडे जिवंत राहिले ते अशाच लोकांमुळे, आणि मला वाटते, त्या कॅनडियन मुलांकडेही त्याच दृष्टीने पाहावे.

स्वतः हॅकेट मात्र वेगळ्या मार्गाने जातो. जुने अल्बम तो आजही मंचावर संपूर्ण सादर करतो. 2019 मध्ये ‘सेलिंग इंग्लंड’ आणि 2022 मध्ये ‘फॉक्सट्रॉट’ त्याने तसाच केला. पण त्यात सॅक्सोफोन असतो, काही जागा लांबवलेल्या असतात. जो माणूस मूळ ध्वनिमुद्रणात होता तो बदल करतो आणि जे नव्हते ते स्वल्पविरामही हलू देत नाहीत, हा विरोधाभास मला मोठा गमतीचा वाटतो.

सासष्टीचा श्रोता (मडगाव)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मांडवीकाठ बाय, कश्काइशची माहिती मला अगदी नवीन होती. बार्देशी, ‘ड्यूक’बद्दलची आपली कबुली मडगावात पोहोचवली असून तिच्यावर अपेक्षेप्रमाणे मतभेद झाले आहेत.

आपल्या लेखनातून एक पुढचा मुद्दा सुचला. ‘लॅम्ब’च्या दौऱ्यातील जानेवारी 1975 चा लॉस एंजेलिसचा प्रयोग 1998 च्या संग्रहपेटीत प्रथम अधिकृतपणे आला, तेव्हा गॅब्रिएलने त्यातील गायनाचा मोठा भाग नव्याने ध्वनिमुद्रित केला होता आणि हॅकेटनेही गिटारचे काही भाग पुन्हा वाजवले होते. म्हणजे पंचविशीतला आवाज म्हणून आम्ही जे डोळे मिटून ऐकत होतो, त्यातला बराचसा चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा होता. 1999 मध्ये ‘द कार्पेट क्रॉलर्स’ हे गाणे गॅब्रिएल आणि कॉलिन्स या दोघांच्या आवाजांत पुन्हा नव्याने केले गेले, ते निदान नवे म्हणून सांगितले तरी गेले. आता मला वाटते की, पंचविशीचा तो आवाज त्या कलावंतांनाही परत हवा होता, आणि तोही दुरुस्त करून. या बाबतीत ते आमच्याहून फारसे वेगळे नाहीत. मार्च 2022 मध्ये लंडनच्या ओ-टू सभागृहातील त्यांच्या अखेरच्या प्रयोगात कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा निक होता, गॅब्रिएल प्रेक्षकांत होता, आणि शेवट ‘कार्पेट क्रॉलर्स’ने झाला. समोर कितीही मोठा मंच असला तरी अखेर त्यांनी निवडले ते 1974 चेच गाणे. आमच्या पहिल्या बाजूने याचा विजय म्हणून पुरेपूर उपयोग करून घेतला आहे.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. माझा भाचा वीस वर्षांचा आहे, त्याला हे ऐकायचे आहे. कोणत्या आवृत्तीपासून सुरुवात करून द्यावी?

बार्देशी (म्हापसा)

शेवट ‘कार्पेट क्रॉलर्स’ने झाला हे खरे, परंतु त्याच प्रयोगात ‘ड्यूक’मधीलही वाजले होते, याची मडगावात नोंद व्हावी.

भाच्यासाठी : जुन्या अल्बमांचे 2007-08 मध्ये पुन्हा मिश्रण (रीमिक्स) करण्यात आले. त्यात वाद्ये सुटी आणि स्वच्छ ऐकू येतात, पण काही ठिकाणी तोल इतका बदलला आहे की जुने श्रोते अजून कुरकुरतात. मूळ मिश्रण हवे असेल, तर 1994 च्या सीडी पाहाव्यात. जुन्या संग्राहकांकडे त्या अजून मिळतात. वीस वर्षांच्या मुलाला मी ‘अ ट्रिक ऑफ द टेल’पासून सुरुवात करून देईन, मग ‘सेलिंग इंग्लंड’, आणि ‘सपर्स रेडी’ त्याने स्वतःहून मागितल्यावर. ‘लॅम्ब’ सर्वांत शेवटी, गीतांचा कागद हाती देऊन. ऐकताना आपण शेजारी बसून पुढे काय येणार ते सांगत राहू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. आम्ही माझ्या पुतण्याच्या बाबतीत ते पाळले नाही आणि तो आता फक्त मेटल ऐकतो.